गोंदाची चमक जाईपर्यंत

गोदू मेंगाळला लॅबमध्ये आणलं ते पदूभाऊंनी. त्याआधी ती उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका खोलीएवढ्या कारखान्यात खोट्या दागिन्यांवर खडे चिकटवायची. तिचं माहेर बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, ठाकरांच्या वाडीत. लग्न करून बदलापूरला आली, चौथ्या वर्षी नवरा दुसरीकडे राहायला गेला, आणि मुलीला, रविनाला, घेऊन ती मांजर्लीतल्या चाळीत एकटी राहिली. कारखान्याची मालकीण सिंधी होती. सगळ्या बायका तिला अम्मा म्हणत. अम्माची जीभ तिखट होती, पण गोदूला ती कधी बोलत नसे, कारण गोदूने बसवलेला खडा परत येत नसे.

खडा परत यायचा तो काळवंडून. "अंधा हो गया," अम्मा म्हणायची आणि तो नग ज्या बाईचा असेल तिच्या पुढ्यात टाकायची. गोंद ओला असतानाच खडा दाबला की आतली वाफ आतच राहते आणि पंधरा-वीस दिवसांत खड्याखालचा वर्ख मरतो. गोदूला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती थेंब टाकून थांबायची. थेंबावरची चमक जराशी उतरली की मगच खडा टेकवायची. नुसतं थांबलेलं अम्माला खपलं नसतं, म्हणून तेवढ्या वेळात ती फडक्याने चिमटा पुसत बसायची.

पदूभाऊ, म्हणजे पद्माकर गायकर, शेजारच्या वर्कशॉपमधून एक साचा करून घ्यायला आले होते. साचा तयार व्हायला वेळ होता म्हणून ते अम्माच्या दारात उभे राहिले आणि पाऊण तास उभेच राहिले. निघताना त्यांनी गोदूला विचारलं, "काय गो, अंबरनाथला येशील कामाला? खड्यांपेक्षा बारीक काम आहे."

"खड्यांपेक्षा बारीक काय असतं?" गोदूने विचारलं.

"ये, म्हणजे दाखवतो."

अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्याला लागून, ती दुमजली इमारत होती. खाली ऑफिस आणि वर लॅब. दाब मोजणारे सेन्सर तिथे बनत. सेन्सरचा जीव म्हणजे सिलिकॉनची एक चिप, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. तिच्या मधोमध कांद्याच्या सालीहून पातळ असा पडदा कोरलेला असतो. दाब आला की तो पडदा वाकतो, विजेत फरक पडतो आणि बाहेर मीटरवर आकडा दिसतो. जिथे हाताएवढं मीटर जाऊ शकत नाही तिथे, तापलेल्या पाइपच्या आत, पंपाच्या पोटात, हे सेन्सर बसवायचे, असं त्या लॅबचं संशोधन चाललं होतं. चिप एका स्टीलच्या बैठकीवर चांदी मिसळलेल्या गोंदाने चिकटवायची असते. चिकटवताना ती केसभर कलली तरी आकडा खोटा येतो.

पदूभाऊंनी गोदूला मायक्रोस्कोपखाली बसवलं. पहिले आठ दिवस तिने फक्त बघितलं. भिंगाखाली चिप म्हणजे शेताएवढी दिसायची, बांध आणि वाफे असलेली, आणि चिमट्याचं टोक नांगरासारखं. नवव्या दिवशी तिने पहिली चिप बसवली. सहा महिन्यांनी तिच्या शंभरातल्या सत्त्याण्णव चिपा पास व्हायला लागल्या. शेजारच्या मायक्रोस्कोपवरच्या मीनाच्या सत्तर व्हायच्या, आणि मीना तिथे गोदूच्या आधीपासून होती.

पदूभाऊ आतल्या कामाचे प्रमुख होते. पन्नाशी उलटलेले, बदलापूरजवळच्या गावातल्या कुणब्याच्या घरातले, आयटीआय करून हात काळे करत वर आलेले. ते गोदूला इंग्रजी लेबलं वाचायला शिकवायचे, आणि तिने एखादा शब्द बरोबर वाचला की स्वतःच खूश व्हायचे. चार वर्षं अशी बरी गेली.

मग विनिता मॅडम आल्या. संशोधनाच्या प्रमुख म्हणून कंपनीचे मालक करणसर त्यांना घेऊन आले. परदेशात शिकलेल्या, हळू बोलणाऱ्या, कुणावर आवाज न चढवणाऱ्या बाई. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांचे निकाल बघितले आणि गोदूच्या स्टुलामागे येऊन उभ्या राहिल्या.

"हात पुढे कर," त्या म्हणाल्या.

गोदूने हात पुढे केला. मॅडमनी तो उलटा करून पाहिला, बोटं एकेक करून वाकवून पाहिली, नख दाबून पाहिलं. बाजारात भेंडी मोडून बघतात तसं.

"चहा पितेस का?"

"सकाळी एक. दुपारी एक."

"बंद कर. हात थरथरतो त्याने. आणि घरी पाणी भरतेस? हंडे उचलतेस? ते मुलीला सांग. कामाला यायच्या आधी जड काही उचलायचं नाही."

गोदूने चहा सोडला. पाणी रविना भरू लागली. पुढच्या महिन्यात मॅडमनी तिच्या बोटांसाठी दोन अंगठ्या आणल्या. अंगठीत बसवलेलं यंत्र एवढं छोटं होतं की दिसतच नसे, पण बोट किती थरथरतं ते त्यातून कॉम्प्युटरवर उमटायचं. सकाळी काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं हात हवेत धरून बसायचं आणि मग दिवसभर अंगठ्या घालूनच काम करायचं. पाहुणे आले की मॅडम त्यांना गोदूच्या टेबलाशी आणत. तिचं मनगट धरून वर उचलत, इंग्रजीत काहीतरी सांगत, आणि पाहुणे माना हलवत. मनगट सोडताना त्या कधी तिच्याकडे बघत नसत.

गोदूला याचं फार वाईट वाटलं असं नाही. आपल्या हाताची कुणी एवढी दखल घेतंय याचा तिला आतून थोडा गर्वच होता. वाडीत गेली की ती आईला अंगठ्या कशा असतात ते सांगायची. आई म्हणायची, "सोन्याच्या हायेत का?"

"नाय गं. त्याच्याहून महाग."

ती आई श्रावणात वारली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सकाळी उठलीच नाही. गोदू वाडीत गेली, माती झाली, आणि त्याच संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, ऐकून वाईट वाटलं. मग म्हणाल्या, परवा यायला जमेल का, ऑर्डर अडली आहे, दहाव्याला पुन्हा सुट्टी घे. गोदू तिसऱ्या दिवशी कामावर आली. डोळे सुजले होते. मॅडमनी तिला पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला आणि ड्रॉवरमधून अंगठ्या काढल्या.

"आज कामाचं बघू नकोस. फक्त हात धर. पाच नाही, वीस मिनिटं."

गोदूने हात धरले. दहा मिनिटांनी मॅडमनी विचारलं, "आई शेवटचं काय बोलली?"

गोदूला वाटलं, बाई विचारपूस करतायत. ती सांगू लागली. आईने ताक मागितलं होतं, घरात ताक नव्हतं, शेजारून आणेपर्यंत ती झोपली. सांगता सांगता तिला रडू आलं. मॅडम कॉम्प्युटरकडे बघत होत्या. "हात खाली घेऊ नकोस," त्या हलकेच म्हणाल्या. "बोलत राहा."

हे काय होतं ते तिला दोन महिन्यांनी कळलं. खालच्या हॉलमध्ये बाहेरगावचे दहा-बारा इंजिनिअर आले होते. गोदू नमुन्यांचा ट्रे घेऊन दाराशी उभी होती. पडद्यावर दोन रेषा होत्या. एक सपाट, दुसरी वेडीवाकडी उसळलेली. मॅडम दुसऱ्या रेषेवर काठी टेकवून काही बोलल्या, समोरचे दोघं-तिघं हसले, मग सगळ्यांनी लिहून घेतलं. शेजारी पदूभाऊ उभे होते.

"काय लिहिलंय ते?" गोदूने विचारलं. जी हे अक्षर तिने ओळखलं होतं.

खोटं बोलणं पदूभाऊंना जमलं नाही. "जी म्हणजे तू. पहिली रेष रोजची. दुसरी आई गेली त्या वेळची."

"आणि हसले का?"

"मॅडम म्हणाल्या, यंत्राला आई नसते."

गोदूने ट्रे टेबलावर ठेवला आणि वर जाऊन तिने संध्याकाळपर्यंत एकोणीस चिपा बसवल्या. एकोणीसच्या एकोणीस पास झाल्या.

त्या दिवाळीनंतर मशीन आलं. काचेच्या पेटीत एक बारीक हात, त्याला सुईएवढी चोच, वर कॅमेरा. चिपा मशीनने बसवायच्या हेच मॅडमचं खरं संशोधन होतं, गोदूच्या अंगठ्या त्यासाठीच होत्या. मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं, "याला तू शिकवायचंस. तुझा हात जसा चालतो तसा याचा चालला पाहिजे. नंतर मशीनची देखरेख तुझ्याकडे."

तीन महिने हे चाललं. गोदू चिप बसवायची, चार कॅमेऱ्यांतून व्हिडिओ व्हायचा, मग मॅडम आणि पदूभाऊ शेजारी बसून एकेक हालचाल थांबवून बघायचे. चिमटा किती अंशात धरला, चिप उचलताना किती दाब दिला, खाली टेकवताना वेग कुठे कमी केला. गोदू सगळं सांगत होती. देखरेखीचं काम मिळणार यावर तिचा विश्वास होता. मीनाने एकदा तिला म्हटलंही, "आपल्या दोघींची नावं पुढच्या वर्षीच्या यादीत नाहीत. एचआरच्या टेबलावर मी स्वतः पाहिली यादी. माझं सोड, मी पॅकिंगला जाईन. तू बघ."

गोदूने पदूभाऊंना विचारलं. ते खाली बघून म्हणाले, "मी बोलून बघतो मॅडमशी." दोन दिवस गेले, चार दिवस गेले. ते पुन्हा त्याबद्दल काही बोलले नाहीत आणि गोदूला उत्तर मिळालं.

त्याच आठवड्यात मॅडमनी व्हिडिओत एका जागी बोट ठेवलं. गोंदाचा थेंब टाकल्यानंतर आणि चिप उचलण्याआधी गोदू फडक्याने चिमटा पुसत होती. मॅडमनी खालचं घड्याळ बघितलं. चाळीस सेकंद. दुसरा व्हिडिओ लावला. अडतीस. तिसरा, बेचाळीस.

"प्रत्येक चिपेला हा एवढा वेळ जातोय," त्या म्हणाल्या. "या वेळात तू काही करतेस का?"

गोदू पडद्याकडे बघत होती. भिंगाखालचा थेंब पडद्यावर परातीएवढा दिसत होता आणि त्याच्यावरची चमक कडेकडून उतरत आत चालली होती. तिला ती स्पष्ट दिसत होती. मॅडमनाही दिसत असणार. पण त्या घड्याळाकडे बघत होत्या.

"चिमटा पुसते," गोदू म्हणाली.

"फक्त तेवढंच?"

"हो मॅडम."

"मशीनला चिमटा पुसायला नको," मॅडम पदूभाऊंना म्हणाल्या. "काढून टाका हे. दिवसाला किती जास्त चिपा होतील बघा."

जेवणानंतर पदूभाऊ तिच्या टेबलाशी आले. "गोदू, ते थांबणं नुसतं पुसण्यासाठीच आहे ना गो? मला उगाच वाटतं, तू थेंबाकडे बघत असतेस."

ही सांगायची वेळ होती. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सवय आहे भाऊ. कारखान्यातली."

पदूभाऊंनी मान हलवली आणि कामाच्या पद्धतीचा जो कागद तयार झाला होता, त्याच्या शेवटी, काही सुटलेलं नाही असं जिथे लिहिलं होतं, तिथे सही केली.

होळीच्या आदल्या दिवशी गोदूला कमी केलं. खालच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम झाला. करणसरांनी नारळ दिला. मॅडमनी तिच्या हाताचा एक मोठा फोटो चौकट करून दिला, बोटांत त्या दोन अंगठ्या असलेला. "आता हवा तेवढा चहा पी," त्या म्हणाल्या आणि सगळे हसले. पदूभाऊ मागच्या रांगेत उभे होते. ते हसले नाहीत. बोललेही नाहीत.

गोदू परत कॅम्प चारमध्ये अम्माकडे गेली. अम्माने काही विचारलं नाही, फक्त खिडकीजवळची जागा रिकामी करून दिली. खडे आता तिला धोंड्यांएवढे वाटत. ती बसवायची आणि वाट बघायची. काय होणार ते तिला ठाऊक होतं. मशीनच्या चिपा पहिल्या तपासणीत पास होणार, कारण गार असताना काही बिघडत नाही. मग त्या तापलेल्या पाइपवर बसणार, गोंदात कोंडलेली वाफ फुगणार, चिप खालून उचलली जाणार आणि आकडा खोटा येणार. माल परत येईल. करणसर मॅडमना वर बोलावून घेतील. मॅडमचा चेहरा त्या वेळी कसा होईल याचं चित्र ती कितीतरी वेळा मनात रंगवायची. त्या चित्रात दुसरं कुणी नसायचं.

मे महिन्यात मीनाचा फोन आला. पदूभाऊ हॉस्पिटलमध्ये होते.

एका कापड रंगवायच्या कारखान्यात नवे सेन्सर वाफेच्या पाइपांवर बसवले होते. पंधरा दिवस नीट चालले. सोळाव्या दिवशी पदूभाऊ तपासणीला गेले. एका ठिकाणी वॉल्व्ह उघडून काहीतरी बदलायचं होतं. मीटर शून्याच्या जवळ आकडा दाखवत होतं, म्हणजे पाइपात वाफ नाही. त्यांनी वॉल्व्ह उघडला. पाइप भरलेला होता.

गोदू दुसऱ्या दिवशी गेली. पदूभाऊंचा चेहरा पट्ट्यांनी झाकलेला होता, उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. त्यांची बायको, उमावहिनी, उशाशी बसून ओठांना कापसाने पाणी लावत होती. "गोदू आलीय," तिने त्यांना सांगितलं.

"ये," पदूभाऊ म्हणाले. आवाज घशातून ओढून काढल्यासारखा होता. "मीटरवर काहीच नव्हतं गो. मी दोनदा बघितलं. काहीच नव्हतं."

"बोलू नका भाऊ."

"काहीतरी सुटलंय. मी रोज आठवतो तो कागद. पहिल्यापासून शेवटपर्यंत. काय सुटलं ते सापडत नाही."

गोदूच्या तोंडाशी आलं होतं. उमावहिनी तिच्याकडेच बघत होती. गोदूने वहिनीच्या हातातला कापूस घेतला, वाटीत बुडवला आणि पदूभाऊंच्या ओठांना लावला. अर्धा तास ती तेच करत बसली. मग उठून स्टेशनला गेली.

जूनमध्ये मॅडम स्वतः अम्माच्या कारखान्यात आल्या. गल्लीत गाडी शिरत नव्हती म्हणून चालत आल्या. गोदू बाहेर गेली. दोघी एका बंद दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिल्या.

"मशीनच्या चिपा फोडून बघितल्या," मॅडम म्हणाल्या. "गोंदात बुडबुडे आहेत. मग तुझ्या जुन्या चिपा फोडल्या. एकीतही नाहीत."

गोदू बोटांना लागलेला गोंद खरवडत राहिली.

"तू नुसता चिमटा पुसत नव्हतीस. मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, फक्त चिमटा पुसते. त्या दिवशी बोलतानाही कॅमेरे चालू होते, तो व्हिडिओ आहे माझ्याकडे, आवाजासकट."

"मग दाखवा," गोदू म्हणाली.

"दाखवून काय होईल? तू मुद्दाम लपवलंस असं होईल. एक माणूस आंधळा झालाय. पोलिसांत जाईल ते." मॅडम थांबल्या. "आणि ते चाळीस सेकंद काढून टाका असं मी म्हणतेय, तेही त्यातच आहे. म्हणून तो कुणी बघावा असं मलाही वाटत नाही."

गल्लीतून एक हातगाडी गेली. मॅडम बाजूला झाल्या, साडीचा काठ सावरला आणि त्याच आवाजात पुढे बोलल्या.

"मला असं वाटतं, तू पद्माकरना सांगितलं असणार. गोंद सुकायला वेळ द्यावा लागतो, हे. तू कामगार, तू लिहून थोडंच देणार. ते त्यांनी कागदात घालायचं होतं. ते विसरले. वय झालंय, होतं असं. सही त्यांचीच आहे."

"मी नाय सांगितलं त्यांना."

"आठवून बघ. घाई नाही. सोमवारी करणसर विचारणार आहेत. तुझा मायक्रोस्कोप मी हलवू दिलेला नाही. थेंब बघून थांबायला मशीनला शिकवायचं तर दोन-तीन वर्षं लागतील, तोवर सगळं हातानेच करावं लागणार."

त्या गेल्या. गोदू खिडकीजवळ जाऊन बसली. त्या दिवशी तिने बसवलेले खडे अम्माने उचलून बघितले आणि प्रथमच म्हणाली, "ध्यान कहाँ है तेरा?"

तीन दिवस ती विचार करत राहिली. पोलिसांची भीती होती. रविना एकटी पडेल ही भीती होती. पण या भीतींच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती तिने स्वतःपासून लपवली नाही. पदूभाऊ त्या दिवशी मागच्या रांगेत उभे होते आणि एक शब्द बोलले नव्हते. बोलून बघतो म्हणाले होते, बोलले नव्हते. ती हे पुन्हा पुन्हा मनात आणत राहिली. रविवार संध्याकाळपर्यंत ते पुरेसं मोठं झालं.

सोमवारी खालच्या हॉलमध्ये करणसर, कंपनीचे वकील आणि मॅडम बसले होते. वकिलांनी विचारलं, "गोंद टाकल्यावर थांबायचं असतं, हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?"

"पदूभाऊंना."

"कधी?"

"शिकवणं चालू होतं तेव्हा. जेवणाच्या सुट्टीत."

"ते काय म्हणाले?"

"बरं म्हणाले. लिहून घेतो म्हणाले."

एवढं सहज बोलता येईल असं तिला वाटलं नव्हतं. लिहून घेतो हे तर तिने ठरवलेलंही नव्हतं, आपोआप तोंडातून आलं. करणसरांनी डोळे मिटून कपाळ चोळलं. पदूभाऊ कंपनीत त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून होते. मॅडम काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पदूभाऊंना चूक त्यांचीच असल्याचं पत्र गेलं. जखमी कामगाराला जी मदत व्हायला हवी होती ती अडली. गोदू परत लॅबमध्ये रुजू झाली. वरच्या मजल्यावर मीनाही पॅकिंगमधून परत आली. मॅडमनी गोदूच्या पद्धतीवर एक लेख लिहिला, गोंद किती वेळ उघडा ठेवायचा याचं कोष्टक त्यात होतं. त्या आता तिला अंगठ्या घालायला सांगत नसत आणि पाहुण्यांना तिच्या टेबलाशी आणत नसत. दोघी एकमेकींशी कामापुरतं नीट बोलत.

गणपतीच्या आधीच्या रविवारी, सकाळी, उमावहिनी चाळीत आली. रविना क्लासला गेली होती. गोदूने चटई टाकली. वहिनी बसली, पण पदर आवरून, अगदी कडेला.

"भाऊ कसे आहेत?"

"उजवा डोळा गेला. डाव्याने उजेड कळतो. बोटं चिकटलीत, आता एकदा कापायची म्हणतात." वहिनी सांगताना रडली नाही. "मी भांडायला नाही आले गोदू. ते म्हणाले म्हणून आले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, गोदू खोटं बोलणार नाही. तिने सांगितलं म्हणते तर सांगितलंच असेल. पण मला आठवत कसं नाही? दिवसभर तेच. जेवणाची सुट्टी म्हणजे कुठल्या दिवशीची, कुठे बसलो होतो, आणखी कोण होतं. डोकं धरून बसतात. माझं डोकं पण गेलं का, असं विचारतात मला." वहिनीने गोदूच्या डोळ्यांत बघितलं. "मला फक्त खरं काय ते सांग. मी कुठे जाणार नाही, कागद करणार नाही. नुसतं त्यांना जाऊन सांगेन. तू सांगितलं होतंस का?"

गोदू चुलीकडे, म्हणजे गॅसकडे, बघत होती. वहिनीसाठी दूध ठेवलं होतं. ती उठली, गॅस बारीक केला आणि पाठमोरीच म्हणाली, "सांगितलं होतं वहिनी."

वहिनीने चटईची कड सरळ केली. मग म्हणाली, "त्या दिवशी त्यांच्या डब्यात काय होतं, आठवतं तुला? तेवढं कळलं तर मी त्यांना सांगेन. डब्यावरून आठवेल त्यांना. माझ्या हाताची चव ते विसरत नाहीत."

गोदू वळली. वहिनीचा चेहरा खरोखरच आशेने पुढे झुकला होता.

"वालाचं बिरडं," गोदू म्हणाली. "आणि तांदळाची भाकरी. मला अर्धी दिली होती."

"हो," वहिनी म्हणाली. "बिरडं मी सोमवारी करते. सोमवार असेल." ती हे दोनदा पुटपुटली. दूध न पिताच उठली, दारात चपला घालताना म्हणाली, "बरं झालं, तुला आठवलं."

पंधरा दिवसांनी मीना पदूभाऊंना बघायला गेली होती. दुसऱ्या दिवशी कामाला बसण्याआधी टोपी चढवत तिने गोदूला सांगितलं, "बरे वाटले मला. शांत होते. म्हणाले, आठवलं. सोमवार होता, बिरडं होतं, अर्धी भाकरी गोदूला दिली, आणि तेव्हाच ती म्हणाली गोंदाचं. सगळं सांगितलं त्यांनी, तू कुठे बसली होतीस तेसुद्धा, खिडकीकडे पाठ करून. म्हणाले, तिला सांग, तिने मनाला लावून घेऊ नये. चूक माझी होती."

गोदूने हातमोजे चढवले.

"तू एकदा जाऊन ये ना," मीना म्हणाली. "तुझी आठवण काढतात."

"जाईन," गोदू म्हणाली.

ती गेली नाही.